कोरोनातून उठलो, पण झोप परत येईना

मी धुळे जिल्ह्यात एसटीत वाहक आहे. २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनाने ऑक्सिजनवर होतो. फुप्फुसं सुधारली, घरी आलो, आणि खरा त्रास त्यानंतर सुरू झाला. आमच्याकडे त्यावर कोणी मोकळं बोलत नाही, म्हणून लिहितोय.

डोळा लागला की वॉर्डातले आवाज कानात यायचे, शेजारच्या खाटेभोवतीची रात्रीची धावपळ दिसायची. दचकून उठायचो. छातीत धडधड, श्वास पुरत नाही असं वाटायचं, आणि ऑक्सिमीटर दाखवायचा ९७! ड्युटीवर रुजू झालो तर गर्दीत हातपाय गार पडायचे. प्रवाशाने शंभराची नोट दिली की किती परत द्यायचे ते सुचायचं नाही. इतकी वर्षं तोंडी हिशेब करणारा माणूस मी. माय म्हणायची, "काय व्हस रे तुले?" आणि मीठ-मिरच्या ओवाळून टाकायची. मित्र म्हणायचे, अशक्तपणा आहे, मटणाचा रस्सा पी.

बायकोने ओळखलं. जेवताजेवता माझ्या डोळ्यांत पाणी यायला लागलं तेव्हा ती म्हणाली, "अहो, आता मनाच्या डॉक्टरांना दाखवू."

चक्करबर्डीला हिरे मेडिकल कॉलेजात केसपेपर काढला. मनोविकार विभागाच्या बाकावर ओळखीचं कोणी भेटेल याचीच धास्ती होती. भेटलंही, आमच्याच डेपोतला एक मेकॅनिक. त्याने काही न विचारता सरकून जागा दिली. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

डॉक्टरांनी आधी थायरॉईड, हिमोग्लोबिन, साखर, बी-१२ तपासून घेतलं, कारण यांतल्या बिघाडानेही असंच होतं. स्टेरॉईड कधी थांबली तेही विचारलं. त्यांनीही झोप उडते. मग गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे नऊ प्रश्न: झोप, भूक, थकवा, लक्ष लागतं का. शेवटचा, जीव नकोसा वाटतो का? हे मला तोवर कोणीच विचारलं नव्हतं. बायकोचा हात धरून खरं ते सांगितलं. कोणी असा प्रश्न विचारला म्हणून माणूस वाईट विचार करायला लागत नाही. माझं तर ओझंच उतरलं.

डॉक्टर म्हणाले, तुम्ही एकटे नाही. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २ लाख ३६ हजारांहून जास्त कोरोना रुग्णांच्या नोंदी पाहिल्या, त्यांत सहा महिन्यांच्या आत सुमारे ३४ टक्के लोकांना मेंदूच्या किंवा मनाच्या आजाराचं निदान झालं होतं. ऐकून मला धीर आला. म्हणजे हा माझा भित्रेपणा नव्हता, त्याच दुखण्याचा पुढचा भाग होता.

गोळी सुरू झाली. सुरुवातीला मळमळ, बाकी काही फरक नाही. गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात, हे आधीच सांगितलं होतं म्हणून मी टिकलो. पुष्कळ लोक नेमके इथेच सोडून देतात. समुपदेशक ताईंनी श्वास सावकाश, लांब सोडायला शिकवलं. साहेबांनी काही काळ कमी गर्दीची फेरी दिली. झोप आधी आली, हिशेब फार उशिरा जमायला लागला. बरं वाटल्यावरही गोळी मी मनाने बंद केली नाही, डॉक्टरांनीच हळूहळू कमी केली.

तेव्हा नव्हती ती एक सोय आता आहे. टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतं. डेपोत कोणी डेंग्यूतून वा न्यूमोनियातून उठून आला की मी त्याला झोपेचं विचारतो आणि हा नंबर लिहून देतो.