आमची वाटचाल : तीन संगणक, एक स्क्रिप्ट

जुन्या कॅसेट संगणकावर उतरवून देणं हा आमचा व्यवसाय. गिऱ्हाईक बहुतेक घरगुती: कुणाच्या आजोबांची प्रवचनं, कुठल्या गावच्या सप्ताहातली कीर्तनं. सुरुवातीला एकच संगणक होता, लिनक्सचा. वेव्ह फायलींपासून (आकार कमी न केलेला आवाज) जपून ठेवायला फ्लॅक (आवाज जराही न गमावता आकार कमी करणारा प्रकार) आणि मोबाइलवर ऐकायला एमपी३ करायची, एवढंच काम. त्यासाठी बॅशमधली छोटी स्क्रिप्ट होती; बॅश म्हणजे टाइप केलेले आदेश चालवणारा प्रोग्राम, स्क्रिप्ट म्हणजे अशा आदेशांची लिहून ठेवलेली मालिका. खरं राबायचं एफएफएमपेग, म्हणजे फायली एका प्रकारातून दुसऱ्यात नेणारं सॉफ्टवेअर.

पुढे रेकॉर्डिंगला मॅक आला, हिशेबाच्या विंडोज संगणकालाही जुंपलं आणि स्क्रिप्ट अडखळू लागली. मॅकसोबत मिळणारं बॅश ३.२, म्हणजे २००६ सालचं. नव्या बॅशमधल्या सोयी त्यात नाहीत. विंडोजवर तर बॅश मुळात नसतंच. शिवाय फायलीच्या नावात दोन उभे ठिपके तिथं चालत नाहीत, आणि आमची निम्मी नावं ‘कीर्तन: भाग २’ अशी.

खरी गंमत एका सप्ताहाच्या कामात झाली. पहिल्या दिवशीचं कीर्तन रूपांतरित झालं, चौथ्या-पाचव्याचंही झालं. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवसाला मात्र ‘फाईल सापडली नाही’. फायली तर समोर दिसत होत्या! दोष फायलींच्या नावांतल्या ‘दुसऱ्या’, ‘तिसऱ्या’मधल्या ऱ चा. रूपांतरित करायच्या फायलींच्या नावांची यादी विंडोजवर टाइप केलेली, तिथं ऱ हे एकच चिन्ह. फायली होत्या मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस पद्धतीच्या डिस्कवर, आणि ती पद्धत नाव साठवताना ऱ फोडून र आणि नुक्ता (खालचा ठिपका) वेगळे करते. डोळ्यांना दोन्ही सारखंच, संगणकाला नाही. इंग्रजी नावांवर तपासून हे कधीच कळलं नसतं.

मग सगळं पायथन या प्रोग्रामिंग भाषेत नव्यानं लिहिलं. यादीतलं आणि डिस्कवरचं, दोन्ही नावं आधी युनिकोडच्या (संगणकातल्या अक्षरांच्या संकेतांकांच्या पद्धतीच्या) एनएफसी रूपात, म्हणजे र आणि नुक्ता जोडून एकच ऱ असलेल्या रूपात आणायची, मगच जुळवायची. फायलीच्या मार्गातल्या (पत्त्यातल्या) तिरक्या रेघा पायथनमधलं पाथलिब हे साधन सांभाळतं. एफएफएमपेगला आदेश शेलमधून (बॅशसारख्या प्रोग्राममधून) न देता, त्याचे भाग सुटे ठेवून थेट यादी म्हणून द्यायचा. नावातल्या मोकळ्या जागा आणि अवतरणचिन्हं मग त्रास देत नाहीत. स्क्रिप्ट लांबली, पण तिन्ही संगणकांवर तीच चालते.

फ्लॅकची एक सोय आम्हाला फार आवडते. फायलीच्या सुरुवातीलाच मूळ आवाजाचा एमडी५ ठसा, म्हणजे आवाजाच्या माहितीवरून काढलेला ओळखीचा आकडा असतो. रूपांतर कुठंही होवो, ठसा जुळला की आवाज तंतोतंत तोच. एमपी३ला अशी हमी नाही, ती आम्ही ऐकूनच देतो.