कासच्या आभाळाचे काळे कोपरे

सप्टेंबरात कासच्या पठारावर गेलो आणि फिल्मचा जवळजवळ अर्धा रोल वाया घालवला. बारापैकी पाच फ्रेमांत तेरडा, सोनकी सगळं झकास, पण आभाळाचे दोन्ही कोपरे काळेकुट्ट. कडा अगदी धारदार. कापले खालचेही होते, पण ओल्या जांभ्यात ते चटकन दिसत नव्हते.

कॅमेरा हॅसलब्लाड ५०० सीएम, लेन्स ५० मिमीची सीएफ डिस्टॅगॉन, म्हणजे रुंद दृश्य टिपणारी. पावसाळी आभाळ पांढरंफटक आणि कातळ काळा, त्यामुळे तीन स्टॉपचा ग्रॅज्युएटेड फिल्टर (वर गडद, खाली स्वच्छ, आभाळाचा उजेड आठपट कमी करणारा) लावल्याशिवाय तिथं काही जमत नाही. गोम अशी, की या लेन्सला पुढं फिल्टर फिरवून बसवायचे आटे नाहीत, बी-६० चा बायोनेट, म्हणजे अडकवायच्या खाचा आहेत. म्हणून आधी बी-६० वरून ६७ मिमीची रिंग, तिच्यावर ६७ वरून ७७ ची, तिच्यावर होल्डरची रिंग, मग फिल्टर धरणारा तीन खाचांचा होल्डर. वर्निअर लावून मोजलं तर लेन्सच्या पुढं २१ मिमीचा मनोरा निघाला!

पण बाकीच्या सात फ्रेमा बऱ्या कशा? वही काढली. काळे कोपरेवाल्या पाचही फ्रेमा एफ-१६ वर, उरलेल्या एफ-५.६ वर. एफचा आकडा मोठा, तितकं लेन्सचं छिद्र बारीक. छिद्र मोठं असताना रिंग कोपऱ्यातल्या प्रकाशाचा थोडाच भाग अडवते, कोपरा नुसता मंदावतो. छिद्र बारीक झालं की तोच प्रकाश पुरता अडतो. या कॅमेऱ्यात वरून काचेत बघतात, आणि तेव्हा लेन्स एफ-४ वर उघडी असते, म्हणून मला तिथं काहीच दिसलं नव्हतं. छिद्र बारीक करून बघावं, तर काच इतकी अंधारते की कोपरा कुठला आणि सावली कुठली, कळत नाही.

मग मागून बघायचं ठरवलं. फिल्मची बॅक काढली, शटर बी वर (दाबून ठेवलं तोवर उघडं), एफ-१६, फोकस अनंताला, आणि शटरची केबल दाबून लॉक केली. कॅमेऱ्याचं तोंड उजेडाच्या खिडकीकडं करून डोळा फिल्मच्या चौकटीच्या कोपऱ्याशी नेला. छिद्राचा पंचकोन दिसतो. तो पूर्ण दिसला तर तो कोपरा सुटला. माझ्या पंचकोनाचा लचका तोडलेला होता. होल्डर काढला, तरी एक टोक गायबच. म्हणजे रिंगाही दोषी.

होल्डरच्या बाहेरच्या दोन खाचा स्क्रू काढून उतरवल्या. मला एकच फिल्टर लागतो. रिंगांसाठी एमआयडीसीतल्या एका लेथवाल्या मामांकडं गेलो. "कुठल्या डब्याचं झाकण हाय ओ सर हे?" असं विचारत त्यांनी आट्यांवर पीच गेज (आट्यांमधलं अंतर मोजायची पट्टी) टेकवला आणि लगेच म्हणाले, "पाऊण मिमी." बरोबर होतं. अॅल्युमिनियमची एकच रिंग करून घेतली. आत ६७ च्या रिंगेत फिरून बसणारे आटे, आणि होल्डर धरणारी कड मागं, लेन्सच्या नळकांड्यावर सरकवलेली. पहिली घट्ट झाली, दुसरी बसली. काळं करायचं राहिलं तर धातू चमकून फिल्मवर धूसरपणा येईल, म्हणून मॅट काळा रंग मीच मारला. आता पुढं ९ मिमीच येतं आणि चारही कोपऱ्यांत पंचकोन शाबूत.

होल्डर सरळ असेपर्यंत! डोंगराच्या उताराबरोबर तो तिरका फिरवला की खाचेच्या पट्ट्या कोपऱ्यात घुसतात. त्यात वरून बघताना डावं-उजवं उलटं दिसतं, त्यामुळं मी हमखास चुकीच्या बाजूला फिरवतो. अशा वेळी होल्डर पिशवीत टाकतो आणि फिल्टर हातानंच लेन्सला टेकवून धरतो. कॅमेरा ट्रायपॉडवर असला की १/३० ला चालून जातं. बोटं तेवढी सांभाळायची. एका निगेटिव्हवर माझा अंगठा सज्जनगडाएवढा आलाय.