अकरा दिवसांचे काम आणि चार महिने

काही वर्षांपूर्वी काळ्या जमिनीच्या भागातील एका शैक्षणिक इमारतीच्या कामावर मी प्रकल्प व्यवस्थापन सल्लागाराच्या बाजूने नियोजन अभियंता होतो. ते काम ठरलेल्या मुदतीपेक्षा जवळजवळ सहा महिने लांबले आणि शेवटी प्रकरण लवादापुढे गेले. मालक, ठेकेदार आणि आम्ही, तिघांच्याही फायलींत एकमेकांना दोष देणारी पत्रे भरपूर होती, पण त्यांतून उशिराची जबाबदारी कोणाची हे ठरवता येत नव्हते. ते का ठरवता येत नव्हते, हे मला तेव्हा नीट कळले नव्हते. आता कळले आहे असे वाटते, म्हणून ते आकड्यांसह लिहून ठेवतो.

ठेकेदाराने दिलेल्या आणि मालकाने मंजूर केलेल्या बार चार्टप्रमाणे, म्हणजे कामाच्या वेळापत्रकाप्रमाणे, बी विंगच्या फूटिंगची (पायाची) ड्रॉइंग २० नोव्हेंबरला मिळायची होती आणि त्या विंगचे प्लिंथपर्यंतचे (जोत्यापर्यंतचे) काम २० एप्रिलला संपायचे होते. संपूर्ण इमारतीची अखेरची तारीख याच साखळीवर उभी होती, म्हणजे आमच्या भाषेत हा क्रिटिकल पाथ होता. ए विंगमध्ये पंधरा-वीस दिवस इकडे तिकडे झाले असते तरी शेवटच्या तारखेला धक्का लागला नसता. प्रत्यक्षात मालकाने नेमलेल्या संरचना सल्लागाराकडून ड्रॉइंग आली ५ जानेवारीला, म्हणजे ४६ दिवस उशिरा. इथपर्यंत दोष सरळ दिसतो, कारण सल्लागार मालकाने नेमला होता आणि त्याचा उशीर ठेकेदारापुरता मालकाचाच उशीर ठरतो.

मात्र त्याच काळात साइटवर सळईही नव्हती. वेळापत्रकाप्रमाणे ती २७ नोव्हेंबरला हवी होती आणि ट्रक आला २२ डिसेंबरला, त्यामुळे २५ दिवस असे होते की त्या दिवसांत ड्रॉइंगही नव्हती आणि सळईही नव्हती. मालकाचे म्हणणे असे की ड्रॉइंग वेळेवर दिली असती तरी तुम्ही हात चोळत बसला असता. ठेकेदाराचे म्हणणे असे की ड्रॉइंगच नाही तर बार बेंडिंग शेड्यूल, म्हणजे सळई कापण्या-वाकवण्याची यादी, कशावरून करायची, आणि शेड्यूलच नाही तर सळई आणून ती गंजवायची कशासाठी.

ठेकेदाराचा हा युक्तिवाद ऐकायला वाटतो तितका पोकळ नाही. समोरच्याच्या उशिरामुळे आपल्याकडे मोकळा वेळ आहे हे दिसल्यावर शहाणा ठेकेदार स्वतःचे काम मुद्दाम सावकाश करतो, पैसा अडकवत नाही, आणि यात गैर काही नाही. मात्र असे जाणीवपूर्वक केले होते की नाही, हे त्या वेळच्या कागदावरून दिसावे लागते. ठेकेदाराच्या स्वतःच्या फाइलमध्ये सळई पुरवठादाराचे २ डिसेंबरचे पत्र निघाले: मागील बिले थकल्यामुळे पुरवठा थांबवला आहे. म्हणजे ठेकेदाराने सळई मुद्दाम थांबवली नव्हती, ती अडली होती. हे पत्र सुनावणीत मांडले गेले तेव्हा ठेकेदाराचा प्रतिनिधी बराच वेळ स्वतःच्या चष्म्याच्या काचा पुसत होता.

असे दोन उशीर एकाच काळावर पडले की काय करायचे, याबद्दल इंग्लंडमधील सोसायटी ऑफ कन्स्ट्रक्शन लॉ या संस्थेची एक मार्गदर्शिका आहे. तिची पहिली आवृत्ती २००२ ची आणि दुसरी २०१७ ची. ढोबळमानाने तिचा निष्कर्ष असा की मालकाच्या उशिराबद्दल ठेकेदाराला पूर्ण मुदतवाढ द्यावी, त्याचा स्वतःचा उशीर त्याच काळात झाला म्हणून ती कापू नये. पण लांबलेल्या काळाचा खर्च त्याला तेवढ्याच भागापुरता मिळावा जो केवळ मालकामुळे झाला हे वेगळे काढून दाखवता येते. आमच्या हिशेबात याचा अर्थ ४६ दिवसांची मुदतवाढ आणि ७ (सळई लागण्याआधीचे) अधिक १४ (सळई आल्यानंतरचे) अशा २१ दिवसांचा खर्च. स्कॉटलंडच्या न्यायालयाने २०१० मध्ये सिटी इन प्रकरणात वेगळी वाट धरली आणि अशा काळाची दोघांत न्याय्य वाटणी करता येते असे मानले. इंग्लंडच्या न्यायालयाने २०१२ मध्ये वॉल्टर लिली प्रकरणात ती वाट नाकारली. या ४६ दिवसांच्या पहिल्या तुकड्यापुरता मला इंग्लंडचा मार्ग पटतो, कारण त्यात अंदाजाला जागा कमी आहे.

खरी गुंतागुंत पुढे आहे. ४६ दिवसांचा उशीर तसाच पुढे सरकला असता तर प्लिंथ २० एप्रिलऐवजी ५ जूनला झाली असती. पण मार्चमध्ये होळीला गावी गेलेले सेंटरिंगचे (काँक्रीटचे साचे लावणारे) कामगार परतायला उशीर झाला आणि ठेकेदाराचे १८ दिवस त्याच साखळीवर गेले. हा उशीर निखळ त्याचा होता, याबद्दल वाद नव्हता. आता तारीख झाली २३ जून. त्या वर्षी आमच्या भागात पाऊस धरला १२ जूनला. काळ्या मातीतला रस्ता दोन दिवसांत नाहीसा झाला, खड्ड्यांत पाणी भरले, मुरमाचा डंपर फाटकाच्या आत येईना. अकरा दिवसांचे काम शिल्लक असताना साइट बंद पडली ती ५ ऑक्टोबरला सुरू झाली आणि प्लिंथ १६ ऑक्टोबरला पूर्ण झाली. २० एप्रिल ते १६ ऑक्टोबर, एकूण १७९ दिवस: ४६ ड्रॉइंगचे, १८ कामगारांचे आणि ११५ पावसाचे.

या ११५ दिवसांचा धनी कोण?

फक्त मालकाचा उशीर झाला असता तर प्लिंथ ५ जूनला झाली असती, पावसाच्या आधी. फक्त ठेकेदाराचा झाला असता तर ती ८ मे रोजी झाली असती, पावसाच्या बरीच आधी. दोघांपैकी कोणा एकाचा उशीर वजा केला की पावसाळ्याचे सगळे नुकसान गायब होते. म्हणजे 'हा नसता तर' या कसोटीवर दोघेही पूर्ण दोषी ठरतात आणि दोघांनाही दुसऱ्याकडे बोट दाखवता येते. सुनावणीत दोन्ही बाजूंनी नेमके हेच केले, आणि दोघांचेही गणित बरोबर होते.

मालकाच्या वकिलांनी फ्लोटचा, म्हणजे वेळापत्रकातल्या मोकळ्या दिवसांचा, मुद्दा काढला. २० एप्रिल ते १२ जून असे ५३ दिवस वेळापत्रकात पावसाच्या अलीकडे मोकळे होते. हा फ्लोट कोणा एकाच्या मालकीचा नसून प्रकल्पाचा असतो, जो आधी वापरेल त्याचा, असे ते म्हणाले, आणि करारात वेगळे काही लिहिलेले नसेल तर सर्वसाधारणपणे हेच मानले जाते. मालकाने ५३ पैकी ४६ दिवस वापरले, उरलेल्या ७ दिवसांवर ठेकेदाराने १८ खर्च केले, म्हणून काम पावसात ढकलले ते ठेकेदाराने. नियमाने हे चालते, पण मला ते तेव्हाही खटकले आणि आजही खटकते. त्या ५३ दिवसांची तरतूद ठेकेदाराने स्वतःच्या अडचणींसाठी, होळीसकट, वेळापत्रकात केली होती; त्यातला मोठा घास आधी मालकाने घेतला आणि मग ताट रिकामे का म्हणून ठेकेदाराला विचारले. दुसऱ्या बाजूने, मार्चच्या पहिल्या आठवड्यात ठेकेदाराला आपल्याकडे सातच दिवस उरले आहेत हे माहीत होते. त्याने दुसरी टोळी आणली नाही, मुरमाचा कच्चा रस्ता पक्का केला नाही, हेही खरेच. माझे मत असे बनले आहे की या ११५ दिवसांसाठी ठेकेदाराला दंड लावू नये आणि त्याला बसून राहिल्याचा खर्चही देऊ नये. हे मत तर्काच्या अंगाने पूर्ण निर्दोष नाही याची मला कल्पना आहे.

मालकाचा आणखी एक मुद्दा होता तो आपल्याकडच्या निविदांच्या एका ओळीवर उभा होता. कामाची मुदत 'पावसाळा धरून' होती; तेव्हा पाऊस हे कारणच होऊ शकत नाही, असे ते म्हणत. ही ओळ महाराष्ट्रात असंख्य निविदांत असते आणि ती वाचताना एक चूक नेहमी होते. पावसाळा धरून मुदत घेतलेला ठेकेदार पावसाळ्यात करता येईल असे काम पावसाळ्यात ठेवतो: छताखालचे वीटकाम, प्लॅस्टर, विजेच्या नळ्या. प्लिंथचा भराव त्याने जुलैत ठेवलेला नसतो. तो जुलैत गेला तर तो कशामुळे गेला हे पाहावेच लागते.

पावसाचा असाच धडा देणारा नाशिकचा एक जुना खटला आहे, हिंद कन्स्ट्रक्शन विरुद्ध महाराष्ट्र शासन. आळंदी नदीवर नाशिक डाव्या कालव्यासाठी जलसेतू बांधायचा होता, मुदत १२ महिने, आणि काम सुरू करण्याची तारीख होती ५ जुलै १९५५. जुलैमध्ये त्या भागात काय चालू होते हे सांगायला हवामान खात्याची गरज नाही. पाऊस आणि साइटपर्यंत नसलेला रस्ता यांमुळे कामाचे कित्येक महिने गेले असे ठेकेदाराचे म्हणणे होते. मुदत संपल्यावर ऑगस्ट १९५६ मध्ये शासनाने करार रद्द केला. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाले ते १९७९ मध्ये. करारातच मुदतवाढीची आणि उशिराबद्दल दिवसागणिक भरपाईची कलमे असतील तर 'वेळ हाच कराराचा गाभा' (म्हणजे वेळ टळली की करार रद्द करता येतो) असे सहसा म्हणता येत नाही, असे न्यायालयाने धरले आणि करार रद्द करणे चुकीचे ठरवले. वकील या निकालातून गाभ्याचा मुद्दा घेतात. माझी नजर त्या ५ जुलैवर जाते, कारण कार्यारंभाची तारीख टाकणाऱ्या माणसानेच उशिराचा पहिला हप्ता तिथे भरून ठेवला होता.

आता आमच्या स्वतःच्या चुकीकडे येतो. साइटवर हिंडरन्स रजिस्टर, म्हणजे अडथळ्यांची नोंदवही, होते आणि ते माझ्याकडे होते. त्यात अडथळा कोणता, कधी सुरू झाला, कधी दूर झाला, दुसऱ्या अडथळ्यावर किती दिवस पडला आणि निव्वळ दिवस किती, असे रकाने असतात. मी ५ जानेवारीला एक ओळ लिहिली: बी विंग फूटिंग ड्रॉइंग, २० नोव्हेंबर ते ५ जानेवारी, ४६ दिवस. दुसऱ्या अडथळ्यावर पडलेल्या दिवसांच्या रकान्यात आडवी रेघ. ठेकेदाराच्या माणसाने आनंदाने सही केली. सळईबद्दल मी काहीच लिहिले नाही, कारण हे रजिस्टर ठेकेदाराला काय अडते ते नोंदवण्यासाठी असते, ठेकेदारामुळे काय अडते ते नोंदवण्यासाठी नव्हे, अशी समजूत आमच्या सगळ्यांचीच होती. कागद एकाच बाजूचा राहिला तो असा. त्याच वेळी मालकाच्या कार्यालयातून दर महिन्याला 'कामाची गती असमाधानकारक आहे' हे पत्र येत होते, ज्यात कोणते काम आणि कोणता दिवस याचा उल्लेख कधीच नसे.

मुदतवाढ तीन हप्त्यांत दिली गेली आणि तिन्ही वेळा पत्रात एकच वाक्य होते: दंड आकारण्याचा हक्क राखून. हे वाक्य कुठून येते तेही सांगायला हवे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ५५ प्रमाणे जिथे वेळ हा कराराचा गाभा असतो तिथे ठरलेली वेळ टळल्यावरही मालकाने उशिराचे काम स्वीकारले, तर स्वीकारतानाच तशी सूचना दिल्याखेरीज त्या उशिराची भरपाई त्याला नंतर मागता येत नाही. म्हणून कार्यालये हे वाक्य सवयीने छापतात. हक्क राखला जातो, पण कारण लिहिले जात नाही. कोणते दिवस मालकाचे आणि कोणते ठेकेदाराचे, हे मुदतवाढ देणारा अधिकारी त्या दिवशी ठरवत नाही, कारण ठरवले तर पुढे लेखापरीक्षणात त्यालाच उत्तर द्यावे लागेल. निर्णय पुढे ढकलला जातो आणि तो अशा माणसाकडे जातो ज्याने साइट कधी पाहिलेली नाही. राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या बी-१ करारात ठेकेदाराने अडथळा आल्यापासून ३० दिवसांत मुदतवाढ मागावी अशी अट असते. मागणाऱ्याला दिवसांची मर्यादा असेल तर देणाऱ्याने कारण लिहिण्यालाही असावी असे मला वाटते.

अखेरच्या बिलातून करारमूल्याच्या दहा टक्के दंड कापला गेला आणि मग लवाद. लवाद हे निवृत्त अभियंता होते. दुसऱ्या की तिसऱ्या सुनावणीत त्यांनी दोन्ही वकिलांना थांबवून विचारले, १२ जूनच्या सकाळी बी विंगमध्ये नेमके किती काम शिल्लक होते? ठेकेदार म्हणाला चार दिवसांचे, मालक म्हणाले महिन्याचे. वर सांगितलेला अकराचा आकडा तेव्हा कोणाकडेच नव्हता. तो आम्ही सिमेंट रजिस्टरमधील रोजच्या गोण्या, कामगारांचे मस्टर आणि काँक्रीटची पोअर कार्डे (प्रत्येक ओतकामाच्या नोंदी) एकत्र मांडून तीन आठवड्यांत काढला: दोन ग्रिडमधले प्लिंथ बीम आणि उरलेला मुरूम भराव. दोन्ही बाजूंनी तो मान्य केला, आणि एकदा तो मान्य झाल्यावर ४६, १८ आणि ११५ हे तुकडेही कागदावर आपोआप पडले.

निवाडा लागण्याआधीच तडजोड झाली. मालकाने कापलेला दंड परत केला, ठेकेदाराने पावसाळ्यात यंत्रे आणि माणसे बसून राहिल्याची मागणी सोडली, आणि २१ दिवसांचा साइटचा खर्च त्याला मिळाला. ज्या २५ दिवसांत दोघेही अडलेले होते त्यांचा उल्लेख तडजोडपत्रात कुठेही नाही. माझ्या रजिस्टरमधील ती आडवी रेघ अजून तशीच आहे.