पेठेत टेकायला जागा द्या

रविवार, रात्र

आज भाच्याला सरकता जिना बघायचा होता म्हणून मॉलला गेलो, आईपण सोबत आली. तिने घेतलं काहीच नाही. पण बाथरूममधनं बाहेर आली नि म्हणाली, "किती स्वच्छ हाय गं, आणि पैसं बी घेत न्हाईत!" मग एसीत बाकावर बसली ती उठेचना. तिचे गुडघे दुखतात. आमच्या कोल्हापुरात महाद्वार रोडला गेलो की आधी अंबाबाईचं दर्शन, मग पापाची तिकटी, गुजरी असा सगळा फेरा होतो आणि त्यात टेकायचं म्हणजे ओळखीच्या दुकानाची पायरी, आणि बाथरूमचं तर बोलायलाच नको, बाजारला जायचं असलं की आई घरातनं निघतानाच पाणी पीत नाही. आजीपण तसंच करायची.

म्हणून मॉल आले नि संस्कृती बुडाली असं कुणी म्हणालं की मला राग येतो. आधी बायकांना विचारा की.

पण दारातलं एक डोक्यातनं जाईना. आमच्या पुढं खेड्यातनं आलेलं एक जोडपं होतं, काकांना धोतर-टोपी, काकूंच्या काखेत बोचकं. गार्डने त्यांना बाजूला घेऊन "काय काम आहे?" विचारलं. आमची नुसती पर्स उघडून बघितली, काम काय ते नाही विचारलं. काकांनी एकदा आतल्या लायटींकडं बघितलं आणि काकूंना म्हणाले, "चल, एस्टी चुकंल."

हे काही आपल्याकडंच नाही. मुंबईत १९९९ ला हाजी अलीजवळ क्रॉसरोड्स मॉल सुरू झाला तेव्हा मोबाईल नाहीतर क्रेडिट कार्ड दाखवा, नसलं तर आत यायचे पैसे भरा असा नियम केला होता. ब्राझीलमध्ये २०१३ च्या शेवटी साओ पावलोच्या कडेच्या वस्त्यांतली पोरं फेसबुकवर ठरवून घोळक्यानं मॉलमध्ये जायला लागली, 'रोलेझिन्यो' म्हणायचे त्याला, तर काही मॉलवाल्यांनी थेट कोर्टातनं मनाई आणली. जागा खाजगी, मग आत कोण येणार ते मालक ठरवणार.

आणि ज्यानं अमेरिकेत १९५६ ला पहिला बंदिस्त मॉल बांधला, तो व्हिक्टर ग्रुएन मूळचा व्हिएन्नाचा. त्याला लोकांनी पायी फिरावं, बसावं, बोलावं अशी गावातल्या चौकासारखी जागा करायची होती. पुढं मॉलचं जे झालं ते बघून त्यानंच हात झटकले. आपल्याकडं तर तसे चौक आयतेच आहेत. गंगावेशीत रात्री म्हशी आणून समोर धार काढून दूध देतात, रात्री उशिरापर्यंत माणसं असतात तिथं. पण त्यात बायका किती? एखादी आलीच तर नवऱ्यासोबत, नि ग्लास संपला की निघाली.

मुंबईत गिरण्या बंद पडल्या, लोअर परळच्या फिनिक्स मिलमध्ये मॉल आला. आपली शाहू मिल शाहू महाराजांनी १९०६ ला सुरू केली, आता कित्येक वर्षं बंद आहे. आईला तिचा भोंगा अजून आठवतो. त्या जागेवर काहीही होऊदे पण तिथं आत जायला कुणाला काम सांगायला लागू नये, एवढं मला मनापासून वाटतं.

तोवर पेठेतलं तरी बघा. फेरीवाल्यांना हक्काची जागा द्यायचा कायदा २०१४ चा आहे, तो नीट पाळला तर रस्त्यावर चालायलाही जागा राहील नि गजरेवाल्या मावशींना सारखी पाटी उचलून पळायला लागणार नाही. आणि महाद्वार रोडला बायकांसाठी चांगली बाथरूम, जिथं चोवीस तास पाणी नि आतनं लागणारी कडी असेल, आणि सावलीत चार बाकं. उद्या भिशीला सगळ्याजणी जमणारच आहोत, तिथं अर्ज लिहून सह्या घेते आणि महापालिकेत देऊन येते. आई म्हणाली पहिली सही माझी.