शीटवरची रुई

गेल्या वर्षी दिवाळीनंतरची गोष्ट. मारेगावच्या पुढच्या एका शिवारातून कापूस भरून वणीकडे निघालो होतो. दिवस मावळला होता. वेचणीला आलेल्या एक मावशी धुऱ्याजवळ एकट्याच उभ्या दिसल्या. बाकीच्या बाया ऑटोने निघून गेल्या होत्या, शेवटचं माप होईस्तोवर ह्या मागे राहिल्या. मी गाडी थांबवली, दार उघडलं आणि म्हटलं, "या मावशी, बसा."

त्यांनी आत डोकावून पाहिलं. अंगात साडीवरून घातलेला जुना शर्ट, कमरेला वेचणीची ओटी अजून तशीच खोचलेली, आणि पदरापासून टाचेपर्यंत कापसाचे तंतू चिकटलेले. म्हणाल्या, "नाही भाऊ, मी मागं कापसावरच बसतो. तुमची शीट कापडाची हाय. खराब होईन."

मागे कापूस फाळक्याच्या वर हातभर चढलेला, वरून जाळी आवळलेली. रस्त्यात विजेच्या तारा खाली लोंबतात. तिथे मी कुणालाच बसू देत नाही. खूप म्हटल्यावर त्या आत आल्या. पण रिकामी बोरी शीटवर अंथरली, तिच्या काठावर टेकल्या आणि गाव येईपर्यंत पाठ काही टेकवली नाही. दिवसभर वाकून कापूस वेचलेली पाठ ती.

मला नंतर कळलं की त्याच्या आठच दिवस आधी शीट खराब केली म्हणून मी हमालांवर ओरडलो होतो, ते गावभर झालं होतं. मावशी त्यामुळेच घाबरल्या होत्या. त्या रात्री मला झोप लागली नाही. ज्यांच्या अंगावरच्या कापसावर माझ्या गाडीचे हप्ते जातात, त्यांना त्याच कापसापायी माझ्या शेजारी बसायची चोरी. हे बरोबर नव्हतं. तेव्हापासून शीटवरची रुई हा विषय मी मनावर घेतला. कापूस वाहणारा गाडीवाला जिनपासून, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यापासून, शेतापर्यंत कुठेही भेटो, त्याच्या शीटवर हीच पांढरी साय असते, म्हणून जे जमलं ते लिहून ठेवतो.

आधीची माझी गाडी रेक्झिनच्या शीटची होती. तिच्यावर रुई टिकत नसे, फडकं मारलं की साफ. पण आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. उन्हात उभ्या गाडीत रेक्झिनवर बसलं की मांड्या भाजतात, आणि तासाभरात सदरा पाठीला चिकटून ओला चिंब होतो. ही गाडी घेतली तेव्हा कापडी शीट मुद्दाम पसंत केली. गडद राखाडी, विणीचे बारीक खड्डे असलेलं कापड. पाठीला त्याचा फार आराम आहे. रेक्झिनकडे परत जायचं नाही हे मी पहिल्या उन्हाळ्यातच ठरवून टाकलं होतं. मग रुईचं काय ते पाहायलाच हवं होतं.

पहिल्यांदा मला प्रश्न पडला तो हा, की पावसाळ्यात हीच शीट एवढी चिकट का नसते? खताची पोती वाहतो तेव्हा अंगावरच्या धाग्यादोऱ्याचा तिला पत्ता नसतो. आणि मार्गशीर्ष-पौषात तर हात नुसता फिरवला तरी तंतू उभे राहून हाताकडे येतात. उत्तर ओलाव्यात आहे. ओलावा हा शब्द आम्हाला नवा नाही. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर ग्रेडर कापसात मीटर खुपसतो. ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर पूर्ण भाव, त्यावर कपात, १२ च्या वर गेला तर घेतच नाहीत. कापूस असा सहज ओल धरणारा. शीटचं कापड मात्र पॉलिएस्टरचं, ते अर्धा टक्कासुद्धा ओल धरत नाही. थंडीतल्या कोरड्या हवेत आपण चढता-उतरताना पँट शीटवर घासली की त्यात वीज साठते, आणि निघून जायला तिला वाटच नसते. मग हवेत तरंगणारा हलका तंतू तिच्याकडे ओढला जातो.

दुसरं कारण तंतूच्या घडणीतच आहे. बोंड बंद असतं तोवर कापसाचा तंतू ओल्या नळीसारखा गोल असतो. बोंड उमललं, ऊन लागलं की तो वाळून चपटा होतो आणि स्वतःभोवती पीळ घेतो. त्या पिळामुळेच तर त्याचं सूत निघतं. आमच्या भागातल्या वाणांचा धागा साधारण २८ ते ३० मिलिमीटरचा, आणि तुटकी रुई त्याहून कितीतरी आखूड. असा पिळाचा आखूड तंतू शीटच्या विणीत शिरला की स्क्रूसारखा बसतो. ओढून सहज निघत नाही.

हे कळायच्या आधी मी जे जे केलं ते सगळं उलटं होतं. कोरड्या ब्रशने जोर लावून घासायचो. त्याने वरची रुई निघायची, खालची आणखी आत जायची, आणि घासल्याने वीज वाढून अर्ध्या तासात नवी रुई हजर. पंक्चरवाल्याकडे हवेचा पाइप मारून पाहिला. एका क्षणात शीट स्वच्छ, आणि सगळी रुई टपाला, डॅशबोर्डच्या जाळीत, माझ्या डोळ्यांत. दुसऱ्या दिवशी ब्लोअर लावला तर तोंडावर कापूस उडाला. ओलं फडकं फिरवलं तर तंतूंचे चिखलासारखे गोळे झाले, आणि वाळल्यावर ते शीटला शिवल्यासारखे घट्ट बसले. खोकी बंद करायची तपकिरी चिकटपट्टी हाताला उलटी गुंडाळून मारली, तिने मात्र काम केलं. विशेषतः वाळलेल्या पानांचे ते बारीक टोचरे तुकडे, जे कापसासोबत येतात आणि बसल्यावर काट्यासारखे लागतात, त्यांना चिकटपट्टीसारखं दुसरं काही नाही. पण अख्ख्या शीटला अर्धं बंडल जायचं.

युक्ती सापडली ती आईच्या हातात.

आई रोज संध्याकाळी देवासमोरच्या वाती वळते. घरचाच कापूस, सरकी काढलेला. समोर एका वाटीत चिमूटभर राख. बोटांची टोकं राखेला लावायची, कापसाचा पुंजका तळहातावर ठेवायचा आणि एकाच दिशेने वळत न्यायचा. मी लहानपणापासून हे पाहतो आहे, पण कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं, "राख कशाला लावतेस?" म्हणाली, "बोट घसरू नये म्हणून. बोटानं कापूस धरला पाहिजे, मंग तो आपोआप वळतो. आन् मागं-पुढं नोको करू, एकाच बाजूनं ने."

मी उठलो, मोरीतून भांडी घासायचा रबरी हातमोजा घेतला आणि गाडीत गेलो. मोजा पाण्यात बुडवून जोरात झटकला, म्हणजे फक्त दमट राहिला. मग शीटच्या मागच्या कडेपासून पुढे, एकाच दिशेने, हात दाबून ओढत आणला. मागे-पुढे नाही. रुई मोज्याखाली गोळा होऊन वळू लागली, आणि काठाशी येईपर्यंत तिची बोटाएवढी जाड वात झाली. उचलली आणि बाजूला ठेवली. आई अंगणातून पाहत होती. तिला ती वात दाखवली तेव्हा म्हणाली, "पाह्य, झालं की नाही."

यात घडतं असं, की रबर कापसाला पकड देतं आणि दमटपणामुळे वीज साठत नाही. दोन्ही लागतं. कोरडा मोजा ओढला तर नुसताच चर्रचर्र वाजतो, ओलागच्च असला तर घसरतो. प्रमाण हाताला आपोआप कळतं, दोन-तीनदा करावं लागतं इतकंच.

मोजा रोज सोबत राहत नाही. म्हणून आता दाराच्या कप्प्यात जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा ठेवतो. पंक्चरच्या दुकानात असे तुकडे पडलेले असतात, मागितले तर कुणी नाही म्हणत नाही. पण आधी तो साबणाने नीट धुवा आणि शीटच्या खालच्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी ओढून पाहा. जुनं रबर काळं सोडतं. माझी शीट गडद आहे म्हणून चालतं. फिक्या शीटला मोजाच बरा. ट्यूबची कापलेली कड शिलाईच्या खाचेत फार छान शिरते. पाठ आणि बैठक जिथे भेटतात त्या फटीत सगळ्यात जास्त रुई दबते, आणि तिथे बोट जात नाही.

थंडीच्या दिवसांत आणखी एक करतो. अर्धा लिटर पाण्यात कपडे मऊ करायच्या द्रवाचं एक झाकण मिसळून फवाऱ्याच्या बाटलीत भरतो, आणि आठवड्यातून एकदा शीटवर दुरून हलकासा फवारा देतो, तोही गाडी रात्री उभी केल्यावर. सकाळपर्यंत वाळतं आणि रुई पहिल्यासारखी ओढली जात नाही. जास्त मात्र मारू नका. एकदा मी झाकणाऐवजी अंदाजाने ओतलं, तर शीट चिकट झाली आणि रुईच्या जागी रस्त्याची सगळी धूळ बसली.

आता खोळीचं. बहुतेक गाडीवाले शीटवर टर्किश टॉवेल टाकतात. मीही टाकायचो. घाम टिपायला तो उत्तम, पण रुईसाठी वाईट, कारण त्याच्या फाशांमध्ये तंतू अडकतात आणि नवा टॉवेल तर स्वतःच तंतू सोडतो. मखमली कव्हर त्याहून वाईट. मी आमच्या गावच्या शिंप्याकडून जाड सुती ड्रिलच्या दोन खोळी शिवून घेतल्या, खाकी, घट्ट विणीच्या, खालून नाडीने आवळायच्या. सुतावर वीज फारशी साठत नाही, आणि विण गुळगुळीत असल्याने तंतू वरच राहतो. संध्याकाळी खोळ काढून फाळक्यावर दोनदा आपटली की झालं. मांजरपाटही चालतो, पण तो लवकर झिजतो आणि ढिला पडून चुण्या होतात. त्या चुण्यांमध्ये पुन्हा रुई जमते, आणि लांबच्या खेपेत त्या पाठीला टोचतात ते वेगळंच. शिवताना कापड आधी भिजवून वाळवून घ्या. माझी पहिली खोळ धुतल्यावर इतकी आटली की कोपरे बसेचनात.

निघालेली रुई मी परत गाडीतल्या कापसात टाकत नाही. हे मला महत्त्वाचं वाटतं. शीटवरून आलेल्या रुईत केस असतात, शीटचे राखाडी पॉलिएस्टरचे धागे असतात, बोऱ्यांचे प्लास्टिकचे तंतू असतात. जिनमध्ये ते वेगळे होत नाहीत, गाठीत दाबले जातात, तिथून सुतात आणि कापडात जातात. पॉलिएस्टर कापसाचा रंग घेत नाही, म्हणून कापड रंगवल्यावर तेवढाच ठिपका उघडा पडतो. शेतकऱ्याने सहा महिने जपलेला माल मूठभर कचऱ्याने का बिघडवायचा? म्हणून दाराच्या आतल्या बाजूला एक कापडी थैली टांगली आहे. रुई तिच्यात. ऑइलची दांडी पुसायला, ग्रीसचे हात पुसायला ती कामी येते.

आणि विडी-सिगारेट कॅबिनमध्ये नाही. शीटखालची रुई कुणाला दिसत नाही, पण तिथूनच वायरी जातात, आणि सुकी रुई ठिणगीला दम खाऊ देत नाही. महिन्यातून एकदा मी शीट पूर्ण पुढे ओढून खालची जागा साफ करतो. पहिल्यांदा केलं तेव्हा तिथून परडीभर कापूस निघाला होता. तो पाहून माझ्या पोटात गोळा आला. त्याच दिवसापासून हमालांना सांगतो, आता न ओरडता, की गाडीपासून लांब जाऊन ओढा, मी थांबतो.

बाबांच्या काळी हा प्रश्नच नव्हता. एकाधिकार खरेदीच्या दिवसांत, म्हणजे राज्यातला कापूस सरकारच विकत घ्यायचं तेव्हा, ते बंडीत कापूस भरून केंद्रावर जायचे, दोन-दोन रात्री रांगेत बैलांसोबत काढायचे आणि त्याच कापसात खड्डा करून झोपायचे. सकाळी डोक्यापासून पायापर्यंत पांढरे होऊन उठायचे. त्यांना मी ही खाकी खोळ दाखवली तेव्हा त्यांनी तिच्यावरून हात फिरवला आणि शिलाई चांगली आहे म्हणाले.

या हंगामात त्याच शिवारात चार खेपा झाल्या. परवाच्या खेपेला त्या मावशी पुन्हा धुऱ्यावर दिसल्या, सोबत त्यांची सूनही होती. मी दार उघडलं. मावशींनी आधी शीटकडे पाहिलं, मग थैलीकडे. पदरावरचा कापूस बोटांनी वेचला, थैलीत टाकला, आत सरकून बसल्या आणि पाठ टेकली. सुनेला म्हणाल्या, "ये वं, बस. कापडाचीच हाय, पन चालते."