आयक्यू किती, असं विचारावं का?

ठाणे, रविवार रात्र

कोणालाही आयक्यू विचारू नये, या मताला मी आता आले आहे. पगार किती, वय किती, अजून मूल कसं नाही, याच पंगतीतला हा प्रश्न. किंबहुना जास्त बोचरा, कारण पगार वाढतो. हा आकडा मात्र लोक कपाळावर गोंदल्यासारखा धरून बसतात.

संध्याकाळी तलावपाळीला ताई आणि भाची बरोबर होत्या. भाची आठवीत. वाचताना ओळी सुटतात, फळ्यावरचं उतरवून पूर्ण होत नाही, म्हणून शाळेच्या सांगण्यावरून तिची बुद्धिमत्ता चाचणी केली. ओळखीच्या एक काकू भेटल्या. "रिपोर्ट आला म्हणे! आयक्यू किती निघाला गं?" पोर कणीस खात होती, ती थांबली. दाण्यांवरचं तिखटमीठ अंगठ्याने पुसत आईकडे बघत राहिली. ताई शांतपणे म्हणाली, "काकू, ते आमच्यात आणि चाचणी घेणाऱ्या मॅडममध्ये राहू दे." काकू मनाने वाईट नाहीत, पण त्यांना ते लागलं. लागू दे.

ही चाचणी मुळात निघाली ती मदतीसाठी. १९०५ साली पॅरिसमध्ये बिने आणि सिमॉन या फ्रेंच मानसशास्त्रज्ञांनी ती तयार केली, शाळेत कोणत्या मुलांकडे जास्त लक्ष द्यायला हवं ते कळावं म्हणून. बुद्धी जन्मभरासाठी ठरून गेलेली असते, हे बिनेला मान्य नव्हतं. आपल्याकडे मानसशास्त्रज्ञ कामतांनी ती मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली. बिने-कामत चाचणी आजही वापरात आहे. सरासरी १०० धरतात, आणि तिनातली दोन माणसं साधारण ८५ ते ११५ मध्येच असतात. म्हणजे चारचौघांत विचारून बहुतेकदा कळणार काय, तर हा चारचौघांसारखाच आहे!

भाचीच्या रिपोर्टमध्ये खरं मोलाचं आहे ते आकड्याच्या खाली. ऐकलेलं समजून घेणं, शब्दांचे अर्थ सांगणं यात ती वयाच्या पुढे आहे. चिन्हं भराभर उतरवण्यात बरीच मागे. दोन्हींची एकत्र बेरीज केली की हुशारीही दिसत नाही आणि अडचणही.

ज्यांचा आकडा मोठा येतो त्या मुलांचीही सुटका नसते. "एवढा आयक्यू आणि गणितात एवढेच मार्क?" हे ऐकत वाढलेली मुलं मी जवळून पाहिली आहेत. मुलाची काळजी असेल तर त्याला काय जड जातं, काय आवडतं, हे विचारावं. एवढं विचारायला कोणाची ना नाही.

उद्या ताई शाळेत जाणार आहे. परीक्षेत जादा वेळ मिळावा, फळ्याजवळची जागा मिळावी, एवढंच मागायचंय. तिला सांगितलंय, वर्गशिक्षिकांना शिफारशींचं पान दे, पूर्ण रिपोर्ट मुख्याध्यापकांकडे बंद पाकिटात. स्टाफरूममध्ये तो आकडा फिरायला नको.