तीन वाजून गेले तरी पाणी चढतंय!

सातवीच्या भरती-ओहोटीच्या धड्याला या वर्षी मी स्मार्टबोर्डवरचा तयार व्हिडिओ लावला नाही. आमची शाळा ठाण्यातली, चेंदणी कोळीवाड्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. मुलांना म्हटलं, व्हिडिओ तुम्हीच बनवा, तीन मिनिटांचा.

एका गटाने खाडीतल्या खुंटाचा टाइमलॅप्स घ्यायचं ठरवलं. दर मिनिटाला एक फोटो, म्हणजे सहा तासांचे 360. सेकंदाला 24 फोटो पळवले की अख्खी भरती 15 सेकंदांत. गणित त्यांचं त्यांनीच मांडलं. गटातल्या एकीच्या आजीने कोळ्यांचा जुना हिशेब सांगितला होता : तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता पूर्ण भरती. रविवारी चतुर्थी होती, म्हणजे दुपारी तीनला. पालकांना सोबत घेऊन मंडळी सकाळी दहालाच फोन लावून बसली.

सोमवारी एडिटिंगला बसलो आणि वाद पेटला. तीन वाजून गेले तरी खुंटावर पाणी चढतच होतं!

"मॅडम, तीनलाच कापू या. आजी खोट्या पडतील," दोघं म्हणाले.

नात अडून बसली. "जे दिसलं तेच दाखवायचं."

मी मध्ये पडले नाही. एरवी 'काही शंका?' म्हटलं की माना खाली घालणारी मुलं फोटो मागेपुढे करून एकमेकांना वेळा दाखवत होती. एडिटिंगचं मोल मला इथेच वाटतं. काय ठेवायचं नि काय गाळायचं हे ठरवायचं तर विषयात उतरावंच लागतं. संगीत, रंगीत अक्षरं हे सगळं नंतरचं.

शेवटी माझ्या फोनवरून आजींनाच विचारलं. "तो हिशोब दर्याचा रे, बाळांनो," त्या स्पीकरवर म्हणाल्या. "खाडीत पाणी चढत चढत वर येतं. ठाण्याला पोचायला वेळ नको?"

सगळे नकाशाकडे धावले. वाशी, ऐरोली, विटावा करत बोटं निमुळत्या खाडीतून वर सरकली. पुस्तकातली चंद्राची आकृती आणि शाळेमागची खाडी त्यांच्या डोक्यात त्या दिवशी जोडली गेली, माझ्या डोळ्यांदेखत.

आजींचं उत्तर फिल्ममध्ये पूर्ण घेतलं. त्यासाठी सगळ्यांच्या लाडक्या बगळ्याचा शॉट गेला. एकाचा मामा वाशीला राहतो. येत्या पौर्णिमेला वाशीत आणि ठाण्यात एकाच वेळी फोन लावायचे आणि पाणी किती मिनिटं उशिरा पोचतं ते मोजायचं, असं पोरांनी ठरवलंय.